चादरीची घडी आणि वहिनींचा राजीनामा

ती. सौ. वहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. ओल्या चादरींच्या गाड्या ढकलून कंबर अशी धरली आहे की आठांपैकी जेमतेम पाच अंगं वाकतात. उरलेली तीन बरी झाली की वेगळ्या पत्राने पाठवतो.) तुमची तब्येत कशी आहे? घसा कसा आहे? मिठाच्या पाण्याने गुळण्या करता ना? दादाची तब्येत विचारत नाही, कारण परवा फोनवर त्याने मला एवढं झापलं की माणूस ठणठणीत असल्याशिवाय तसं जमत नाही.

झापून झाल्यावर त्याने आवाज खाली आणला आणि सांगितलं की वहिनींनी शाळेचा राजीनामा लिहून पिठाच्या डब्याखाली ठेवला आहे आणि महिनाअखेरीला देणार आहेत. (पिठाच्या डब्याखालचा कागद दादाला कसा दिसला, यावर मी बराच विचार केला. म्हणजे तुमची नोकरी लागल्यापासून कणीक कोण मळतं ते कळलं. मी कोणाला सांगणार नाही. आत्याला फक्त सांगितलं.) मी तुम्हाला फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही "मी बरी आहे, तू जेवलास का?" असं म्हणून विषय मिटवता. पत्राचं बरं असतं, मधे कोणी बोलत नाही. तेव्हा आता वाचाच.

तुमचं मागचं पत्र माझ्या उशीखाली आहे. मी जीव तोडून शिकवते, असं तुम्ही लिहिलंत. "समजलं का?" विचारते, वर्ग छपराचे पत्रे उडतील असा "हो" म्हणतो, आणि चाचणीत सगळा वर्ग एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश बरोबर दोन षष्ठांश लिहितो. एकजात सगळा वर्ग. आणि मुख्याध्यापिका मागच्या बाकावर तासभर बसल्या आणि जाताना "आवाज छान आहे" एवढंच म्हणाल्या. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत, हे तुम्ही लिहिलं नव्हतंत, पण ते दादाने सांगितलं. (गणित मीही करून पाहिलं. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि चार सहा. दोन षष्ठांशच येतं. मला तर वर्गाचं बरोबर वाटतंय. तुम्ही एकदा पुस्तकात बघून घ्या, छापणाऱ्यांच्याही चुका होतात.)

आता तुम्ही म्हणाल, शिकवण्याबद्दल मला सांगणारा हा कोण? बरोबर आहे. सातवीपर्यंत मी केवळ "हो" या एका शब्दाच्या जोरावर पोचलो आणि आठवीत मास्तरांनी "का?" विचारल्यावर शाळा सोडली. त्यानंतर गोदाम झालं, बेकरी झाली, कुठे पाय टिकला नाही, आणि आता ही लॉन्ड्री. पण वहिनी, गेल्या आठवड्यात तुमचा दीर स्वतः मास्तर झाला. हसू नका. सगळे मला मास्तरच म्हणतात. त्यात मान किती आणि टिंगल किती, याचा हिशेब अजून लागायचा आहे.

झालं असं. आमची लॉन्ड्री म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येते तशी कोपऱ्यावरची इस्त्री नव्हे. हॉटेलांच्या चादरी इथे डोंगराने येतात. एका टोकाला मळकी खोली, तिथे आलेला माल नाक धरून निवडायचा. मग मशीनं, मग गरम रोलर, आणि रोलरमधून बाहेर आलेली चादर टेबलावर ओढून घडी घालायची. मी आधी मळक्या खोलीत होतो. (हॉटेलात राहणारी माणसं चादरींचं काय काय करतात ते तुम्हाला लिहिणार नाही, तुम्ही शिक्षिका आहात.) तिथून घडीच्या टेबलावर आलो तो हात जलद म्हणून. मग सहा नवी माणसं कामावर आली आणि आमच्या मुकादमाने मला बोलावलं. हा मुकादम बोलायच्या आधी नाकातून बारीक शीळ काढतो, त्यावरून पुढचं संकट ओळखायचं. शीळ वाजली आणि तो म्हणाला, "तुझा हात जलद आहे, तू यांना शिकव. आठवड्यात टेबल त्यांनी सांभाळलं तर तू इथे. नाहीतर सगळे मिळून मळक्या खोलीत जा, तिथे शिकवायला काही नाही."

ज्याचा हात जलद त्याला शिकवता येतं, हे मुकादमाला कोणी सांगितलं देव जाणे. मलाही ते तेव्हा पटलं होतं. मला वाटलं, आता बघाच.

पहिल्या दिवशी मी टेबलावर चढलो. चादर म्हणजे काय, चादरीचे प्रकार, चादर नसती तर माणसाने काय केलं असतं, असं बोलत बोलत मी घडीपर्यंत आलो तोवर चहाची वेळ झाली. मग भराभर घडी घालून दाखवली, अशी भराभर की माझी मलाच दिसली नाही. आणि विचारलं, "समजलं का?" सहाही जण एका सुरात म्हणाले, "हो मास्तर!" वहिनी, काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. तुम्ही रोज हे ऐकून शाळेतून घरी जाता आणि तरी राजीनामा देता, याचं मला नवल वाटलं. पाच मिनिटांनी बघतो तर सहा टेबलांवर सहा गाठोडी. एकाने तर चादरीत स्वतःची टोपी बांधून टाकली होती आणि ती शोधत होता.

मी तडक मुकादमाकडे गेलो आणि सांगितलं की माणसं मठ्ठ आहेत, बदलून द्या. शीळ वाजली. "सकाळपासून कोण बोलत होतं?" मी. "घडी कोणी घातली?" मी. "मग सराव कोणाचा झाला?" यावर मी "हो" म्हणालो, कारण दुसरं काही सुचत नसलं की मी "हो" म्हणतो.

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो. (असं मला वाटलं. या पत्रात मी बऱ्याचदा शहाणा होणार आहे, लक्ष ठेवा.) भाषण बंद. सहा जणांना समोर रांगेत उभं केलं, मी त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि एक एक हालचाल सावकाश करून दाखवली. तुम्हाला घडीचं थोडं सांगायला हवं. हॉटेलच्या चादरीला एका टोकाला रुंद पट्टी असते आणि तिच्यावर हॉटेलचं नाव विणलेलं असतं. ते उशीकडे यायला हवं. खोल्या आवरणारी माणसं घाईत असतात, ती घडी न बघता पलंगावर झटकतात, आणि घडी बरोबर असली तर नाव आपोआप उशीपाशी जाऊन बसतं. त्यासाठी रुंद पट्टी उजव्या हातात धरायची आणि डाव्यावर आणायची. मी धरली, त्यांनी धरली. मी आणली, त्यांनी आणली. अशा देखण्या घड्या पडल्या म्हणून सांगू, सहाही टेबलांवर एकसारख्या, जणू छापून काढल्या आहेत. मी गाडी भरून हॉटेलला पाठवली आणि मळक्या खोलीतल्या जुन्या सोबत्यांना तुच्छतेने हात केला.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. गाडीबरोबर हॉटेलच्या खोल्यांवर देखरेख करणारी बाई आली. या बाईंना मुकादमसुद्धा शीळ न घालता बोलतो. सगळ्या हॉटेलभर चादरी उलट पडल्या होत्या, नाव पायाशी. बाकीच्यांचं ठीक, पण एका पाहुण्याला म्हणे उशीपाशी नाव दिसेना, तेव्हा आपण भलत्याच हॉटेलात शिरलो असं वाटून तो पायजम्यावर बॅगा घेऊन खाली आला आणि पैसे परत मागू लागला. बाईंनी हे सगळं मला उभं करून सांगितलं. मी मान खाली घातली, आणि बाई गेल्यावर ती वर करून त्या सहा जणांवर तोंड सोडलं.

त्या सहांत एक मावशी आहेत. मावशी म्हणजे कोणाच्या मावशी नव्हेत, वयाने आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो मास्तर, ओरडता कशाला? तुमचा जो हात हलला तोच आम्ही हलवला." मी म्हटलं, मी उजवा हलवला. "असेल तुमचा उजवा. माझ्यासमोर होता तो हा," असं म्हणून त्यांनी स्वतःचा डावा हात माझ्या नाकासमोर धरला. "आरशात बघून वेणी घालते तशी तुमच्याकडे बघून घडी घातली. आरशात काय मी मागून बघायचं?"

वहिनी, मी मटकन गाडीवर बसलो. (ती ओल्या चादरींची होती. पुढचा दिवसभर पँट मागून ओली. त्यावरचे विनोद गाळतो.) त्या सहा जणांनी घडी चुकवली नव्हती हो. त्यांनी अगदी तंतोतंत शिकून घेतली होती, मी दाखवली तशी. आदल्या दिवशीची गाठोडी सहा तऱ्हांची होती, ज्याचं त्याचं निराळं. पण या दिवशी सहाच्या सहा जण एकसारखे चुकले. सहा डोकी एकसारखी कशी बिघडतील? ती चूक त्यांच्याकडे कुठून तरी एकाच ठिकाणाहून आली असणार. आणि त्यांच्यासमोर एकच ठिकाण उभं होतं.

तेव्हा मला तुमचा वर्ग आठवला. अख्खा वर्ग दोन षष्ठांश. पोरांचं लक्षच नसतं तर कोणी पाच लिहिलं असतं, कोणी शंभर, कोणी कागदावर बैल काढला असता. सगळ्यांचं एकच उत्तर आलं म्हणजे सगळ्यांनी काहीतरी पक्कं धरलंय. काय धरलंय आणि कुठून, ते त्यांनाच विचारा. (इथे मी "तुमच्याकडूनच" असं लिहिलं होतं, ते खोडलंय. खोडलेलं वाचता येत असेल तर वाचू नका.) तुम्ही त्या चाचणीचे कागद बघून रडलात. मीही गाडी बघून रडायच्या बेतात होतो. पण वहिनी, ते कागद म्हणजे पोरांनी तुम्हाला लिहून दिलेलं आहे की आम्ही इथे अडकलो आहोत. एवढं स्पष्ट तर दादासुद्धा तुम्हाला कधी सांगत नाही.

आरशाचं कळल्यावर मी तिसऱ्यांदा शहाणा झालो आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो, म्हणजे माझा उजवा तो त्यांचा उजवा. युक्ती उत्तम होती. फक्त पाठ केली की मागे काय चालतं ते दिसत नाही, हे मी विसरलो. (मी! ज्याने सात वर्षं मास्तरांच्या पाठीमागे काय काय केलं ते तुम्ही ऐकून आहात.) जेवणाच्या सुट्टीत सगळे हसतायत, मला वाटलं काम आनंदाने चाललंय. संध्याकाळी मुकादमाने माझ्या पाठीवरून चिठ्ठी काढून हातात दिली. डाग गेले नाहीत अशा कपड्यांना आम्ही लावतो ती: "पुन्हा धुणे." शीळ वाजली आणि तो म्हणाला, "चिठ्ठी बरोबर माणसाला लागली आहे."

समोर उभं राहावं तर उलट शिकतात, पाठ करावी तर चिठ्ठी लागते. मग राहिलं काय? मी त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. एकाच टेबलाशी, एकाच दिशेने, खांद्याला खांदा लावून. एकदा मी करायचं, मग त्यांनी, आणि ते करत असताना मी बोलायचं नाही. हे शेवटचं फार कठीण, वहिनी. कोणी चुकीचा कोपरा धरायला निघाला की माझ्या घशातून आपोआप "अरे अरे अरे" निघायचं आणि तो बिचारा हात सोडून द्यायचा. शेवटी मी रुमाल दातात धरला. रुमाल दातात धरल्यावर कळलं की माणूस चुकीचा कोपरा धरतो, थांबतो, बघतो, आणि पुष्कळदा आपला आपणच बदलतो. त्या थांबण्यातच तो शिकत असतो आणि मी नेमका तेव्हाच ओरडत होतो. तुम्ही वर्गात प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबता? मला वाटतं थांबत नसाल. आपल्या घरात कोणीच थांबत नाही. रुमाल पाठवू का?

"समजलं का?" हेही बंद केलं. आमच्यात एक उंच माणूस आहे, त्याला सगळे खांब म्हणतात. खांबाचा "हो" सगळ्यांत मोठा. पहिल्या दिवशी हो, दुसऱ्या दिवशी हो, तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून प्रश्न निघायच्या आत हो. मी म्हटलं, खांबा, करून दाखव. तेव्हा उजेडात आलं की त्याला आजवर माझी घडी दिसलीच नव्हती! तो रोलरच्या तोंडाशी उभा, वाफेने चष्मा पांढराफटक, आणि नवीन माणूस म्हणून सांगायची लाज. तीन दिवस तो वाफेकडे बघून "हो" म्हणत होता आणि शेजारी मावशींचे हात हलतील तसे आपले हलवत होता. त्याची जागा बदलली, एवढंच. मला खात्री आहे, तुमच्या वर्गातही एक खांब आहे. सगळ्यांत मोठ्याने "हो" म्हणतो त्याच्यापासून शोधायला लागा.

मग एक गंमत केली. मी मुद्दाम एक चुकीची घडी घालायची आणि चूक कुठे ते त्यांनी शोधायचं. मास्तरांची चूक काढायची म्हटल्यावर त्या मंडळींना काय उत्साह आला! मी एक चूक घातली होती, त्यांनी चार काढल्या. उरलेल्या तीन मी रोज करत होतो. त्यानंतर कोणी अडलं तर मी जात नव्हतो, ज्याला कालच जमलं होतं त्याला पाठवत होतो. मावशींनी खांबाला शिकवलं ते मी कान देऊन ऐकलं: "नाव पोटाशी धरायचं, पट्टी हनुवटीखाली, आणि मग मिठी मारायची." झालं. संपला धडा. माझं चादर नसती तर माणसाने काय केलं असतं, हे त्यांनी पूर्णच गाळलं.

आठवडा संपला तेव्हा सहाही टेबलं चालू होती. गाडी हॉटेलला गेली. दुसऱ्या दिवशी मी सारखा फाटकाकडे बघत होतो. दुपारी मुकादम आला, शीळ वाजली. तो म्हणाला, "गाडी आली नाही." एवढंच. आमच्याकडे याहून मोठं कौतुक होत नाही.

म्हणून म्हणतो, त्या "आवाज छान आहे" वर तुम्ही एवढं रडायचं कारण नाही. मुख्याध्यापिकांना तासभर तुमचाच आवाज ऐकू आला, तर त्या बिचाऱ्या दुसऱ्या कशाला छान म्हणणार? पुढच्या वेळी त्यांना पोरांचा आवाज ऐकवा. नाहीतर त्यांनाच बाकावरून उठवून फळ्यापाशी बोलवा आणि एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश विचारा. (हा सल्ला मनावर घेऊ नका. पण विचार करून बघा.) तुम्हाला एक महिनासुद्धा पुरता झालेला नाही. मला घडी घालायला दोन महिने लागले होते, आणि चादर मधेच उठून पाणी प्यायला जात नाही.

दादाला नमस्कार सांगा आणि कणीक सैल मळू नको म्हणावं.

तुमचा धाकटा दीर,
मास्तर (चालू आठवड्यापुरता)

ता. क. इतकं लिहिलं आणि मुख्य काम राहिलंच. आमच्या साबणखोलीत एक जागा रिकामी होते आहे. कोरडी खोली, बसायला स्टूल, आणि खिडकी! मुकादम म्हणतो, जागा तुला देतो, पण पुढच्या महिन्यात आधी परीक्षा. साबणाचं अर्धं माप, सोड्याचं पाव माप, सगळं मिळून किती, असली गणितं. मी त्याला लगेच "दोन षष्ठांश" सांगितलं. शीळ वाजली नाही, त्याने नुसतंच बघितलं. तेव्हा वहिनी, मला पत्राने अपूर्णांक शिकवा. राजीनामा द्यायचाच असेल तर माझी परीक्षा झाल्यावर द्या. विद्यार्थ्याला असं अर्ध्यावर सोडणं तुम्हाला शोभत नाही.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालणार होतो, पण राहवेना म्हणून एक चादर घेऊन बसलो. अर्धी घडी, मग पाव घडी. अर्धा आणि पाव, अहो, पाऊण की! दुकानात अर्धा किलो आणि पाव किलो मागितलं तर मी झोपेतसुद्धा पाऊण म्हणालो असतो. कागदावर आडवी रेघ मारून वर-खाली आकडे लिहिले की त्याच पाऊणचं माझ्या हातून दोन षष्ठांश होतं. तुमच्या पोरांनाही दुकानात पाठवलंत तर कोणी फसणार नाही. तेव्हा मला समजलं. शिकवण्याचा त्रास घेऊ नका.

ता. क. तिसरा. वरचं "समजलं" खोटं आहे. सवयीने निघालं. सकाळी मुकादमाने विचारलं, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश? याला दुकानात नावच नाही. मी "दोन सप्तमांश" म्हणालो आणि त्याने पुन्हा नुसतंच बघितलं. तुम्ही पत्रातून "समजलं का?" विचारलंत तर मी "हो" लिहीन, म्हणून ते विचारू नका. करून दाखवायला सांगा. आणि घड्या घालायला जाडसा कागद लागेल, तो नवा आणू नका. पिठाच्या डब्याखाली एक आहे, त्याची मागची बाजू कोरी असणार. त्यालाच घड्या घालून, रेघा मारून पहिला धडा पाठवा. महिनाअखेरीच्या आत पोचेल असा टाका.